घरचा हिशेब : दारू पोटात गेल्यावर



मागच्या रविवारी विहारात महिला मंडळाची बैठक संपली. सतरंज्या गुंडाळताना एक वहिनी मागे रेंगाळल्या. बाकीच्या बाया जिना उतरल्याची खात्री झाल्यावर हळूच म्हणाल्या, "भाऊ, ह्यांना घेतल्यावर रात्रभर पोटात आग पडते. सकाळी ओकाऱ्या. मी कधी सोडा देते, कधी दूध देते. काय द्यायचं ते नीट सांगा. डॉक्टरला विचारायला लाज वाटते."

आमचे एक ज्येष्ठ काका तिथेच होते. त्यांनी ऐकले. वहिनी गेल्यावर ते मला म्हणाले, "तुम्ही सदरात हे लिहू नका. आपण दारू सोडा म्हणायचं. प्याल्यावर पोट कसं शांत करायचं हे आपणच शिकवलं तर पाचव्या शीलाचं काय राहिलं?"

काकांचा राग मला समजतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा स्पष्ट आहे. त्यात पळवाट नाही आणि या लेखातही ती शोधायची नाही. पण दुसरीही एक गोष्ट आपल्याला लहानपणापासून सांगितलेली आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडला होता आणि कुणी त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजवले. मग इतर भिक्खूंना विचारले की, तुम्ही एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? तिथे आधी सेवा झाली, उपदेश नंतर झाला.

म्हणून आज लिहितो. मी डॉक्टर नाही, कारकून आहे. बी. कॉम. झालो, आकडे मांडायची सवय आहे. वस्तीतल्या आरोग्य शिबिरांत डॉक्टरांच्या शेजारी बसून केसपेपर लिहिता लिहिता जे शिकलो, ते सरळ भाषेत मांडतो.

आधी हिशेब

विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. क्वार्टर म्हणजे १८० मिली. त्यात शुद्ध अल्कोहोल भरते सुमारे ७७ मिली, वजनात ६१ ग्रॅम. आपले यकृत, म्हणजे लिव्हर, तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकामी करते. म्हणजे एका क्वार्टरला सहा ते आठ-नऊ तास लागतात. रात्री दहाला क्वार्टर संपली, तर पहाटे चारपासून सकाळी सातपर्यंत दारू रक्तात असू शकते. सातच्या पाळीला निघालेला माणूस "उतरली" म्हणत असला तरी यकृताचे काम संपलेले नसते. गार पाण्याची आंघोळ, लिंबू, काळा चहा यांनी हा वेग वाढत नाही. तरतरी आल्यासारखे वाटते, एवढेच.

"मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनीही आकडा बघावा. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची धरली, तर एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते. दोन बाटल्या म्हणजे क्वार्टरपेक्षा जास्त झाले.

पोटात काय होते

जठराच्या आत एक पातळ चिकट अस्तर असते. जेवण पचवणारे आम्ल इतके कडक असते की हे अस्तर नसते तर जठर स्वतःच भाजले असते. कडक दारू त्या अस्तराला इजा करते. अस्तर सुजते, मग तेच आम्ल जठराला झोंबते. बेंबीच्या वर जी आग होते ती ही.

अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते. दारूने ती सैल पडते. आम्ल वर चढते, छातीत जळते, आंबट ढेकर येतात. तंबाखू आणि सिगारेटनेही ही झडप सैल होते. वरून चखण्याला तळलेले आणि झणझणीत असते. तेलकट खाणे जठरात जास्त वेळ राहते. मग तसाच आडवा झालेला माणूस रात्री दोनला छाती चोळत उठतो.

पुढे आतड्यांत दारू गेली की पाणी शोषून घेण्याचे काम बिघडते आणि आतडी घाईने पुढे ढकलतात. म्हणून सकाळी पातळ शौचाला होते. दारूने लघवीही जास्त होते. शरीरातले पाणी असे दोन्हीकडून जाते. तोंडाला कोरड पडते, डोके ठणकते, पाय गळतात. उपाशीपोटी प्यालेल्या माणसाची रक्तातली साखरही उतरू शकते. घाम येतो, हात कापतात. घरच्यांना वाटते, अजून नशा आहे.

घरी काय करावे

साधी जळजळ, मळमळ असेल, माणूस शुद्धीवर असेल, तर एवढे करा.

पहिली गोष्ट, आणखी दारू नको. "सकाळी एक घोट घेतला की बरं वाटतं" ही वस्तीतली जुनी समजूत आहे. बरे वाटते ते तेवढ्यापुरते. सुजलेल्या अस्तरावर पुन्हा तेच ओतले जाते आणि सवय घट्ट होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. तांब्याभर पाणी एकदम पाजू नका, ते उलटून पडते. दर पाच-दहा मिनिटांनी दोन-चार घोट द्या. उलट्या-जुलाब झाले असतील तर ओआरएसचे पाकीट आणा आणि त्यावर लिहिले आहे तितक्याच पाण्यात कालवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. माप चुकवू नका. मीठ जास्त झाले तर अपाय होतो.

तिसरी गोष्ट खाण्याची. मळमळ थांबली की तांदळाची पेज, मऊ भात, केळे, साधे टोस्ट, पातळ मुगाचे वरण. थोडे थोडे द्या. त्या दिवशी रस्सा, लोणचे, तळण, कडक चहा बंद. लिंबूपाण्याने काहींना बरे वाटते, पण ज्याच्या छातीत आधीच आग आहे त्याची जळजळ वाढू शकते. थंड दूध प्याल्यावर घटकाभर गार वाटते, पण नंतर आम्ल पुन्हा वाढते. दूध हे औषध नव्हे.

चौथी गोष्ट औषधाची. आम्ल मारणारे पातळ औषध किंवा चघळायची गोळी दुकानात मिळते. पाकिटावरच्या मापाने घेतली तर तात्पुरता आराम पडतो. खायचा सोडा मात्र चमच्या-चमच्याने देऊ नका. त्यात सोडियम फार असते. रक्तदाबाच्या, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रोग्याला ते बाधते, आणि भरल्या पोटात गॅस एकदम फुगतो.

पाचवी गोष्ट झोपण्याची. डोके आणि छाती थोडी उंच ठेवून डाव्या कुशीवर निजवा. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास जाऊ द्या.

काय करू नये

डोके दुखते म्हणून रिकाम्या पोटी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशी दुखण्याची गोळी देऊ नका. दारूने सोललेल्या अस्तरावर ही गोळी पडली की जठरातून रक्त सुटू शकते. पॅरासिटामॉल त्या मानाने पोटाला सौम्य, पण रोज पिणाऱ्याच्या यकृताला तीही जड जाते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बळजबरीने ओकायला लावू नका. जोराच्या ओकाऱ्यांनी अन्ननलिकेला चीर पडून रक्त येऊ शकते, आणि नशेतला माणूस स्वतःच्याच उलटीने गुदमरू शकतो.

"पडलाय, घोरतोय, झोपू द्या" असे म्हणून एकटे सोडू नका. कुशीवर वळवा, तोंड मोकळे ठेवा, जवळ बसा. हाक मारून, हलवून जाग येत नसेल, श्वास थांबून थांबून येत असेल, अंग गार पडले असेल, ओठ निळे झाले असतील, तर १०८ ला फोन करा.

आणि भगिनींनो, एक गोष्ट तुम्हाला हात जोडून सांगतो. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिरातींची पूड आमटीत कालवू नका. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. ते डॉक्टर रोग्याला समजावून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून देतात. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, जोराच्या उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. पुडीत काय आहे हे तुम्हाला माहीत नाही आणि त्यालाही माहीत नाही. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचा दोष आयुष्यभर डोक्यावर राहील.

दवाखान्यात केव्हा

पुढची लक्षणे कागदावर उतरवून घरात लावून ठेवा.

उलटीत लाल रक्त, किंवा चहाच्या चोथ्यासारखे काळपट काही दिसले. शौचाला डांबरासारखे काळे, चिकट, उग्र वासाचे झाले. लोहाच्या गोळीनेही शौच काळे होते, पण पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत अंदाज करत बसू नका.

पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखते, कळ पाठीत जाते, पुढे वाकून बसल्यावर थोडे बरे वाटते. हे स्वादुपिंडाचे दुखणे असू शकते. तिथे गोळी-सोडा चालत नाही, भरती व्हावे लागते.

छातीवर दाब, घाम, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात. "गॅस झाला असेल" म्हणत ओवा चघळत बसू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो.

डोळे पिवळे, पोट ढोलासारखे फुगलेले, पाय सुजलेले. हे यकृताचे लक्षण आहे.

हातभट्टीची किंवा ठिकाण माहीत नसलेली दारू प्याल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, पोटात मुरडा, उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढे धुके. हे मिथेनॉलचे विष असू शकते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशाच दारूने शंभरावर माणसे गेली. ती बहुतेक आपल्यासारख्याच कष्टकरी घरांतली होती. मिथेनॉलवर रुग्णालयात उतारा आहे, डायलिसिस आहे, पण वेळेत पोचले तर. ज्याला अजून त्रास नाही पण ज्याने त्याच ठिकाणची घेतली आहे, त्यालाही सोबत न्या.

डॉक्टरांशी खोटे बोलू नका

आता वहिनींच्या "लाज वाटते" या शब्दावर येतो. त्यासाठी घरची गोष्ट सांगावी लागेल. इतकी वर्षे मी ती या सदरात लिहिली नव्हती.

माझे वडील गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपानंतर त्यांचे काम गेले ते गेलेच. पुढे ते वखारीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. वस्तीतल्या विहाराच्या कमिटीत ते होते. वंदनेला पहिल्या रांगेत बसायचे, खणखणीत आवाजात शील म्हणायचे. आणि रात्री प्यायचे. सगळ्या चाळीला माहीत होते, पण कुणाला माहीत नाही असे आम्ही वागायचो.

सकाळी त्यांचे डोके दुखायचे. आई रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी द्यायची. मग पोटात आग पडायची. आई सोडा द्यायची, दूध द्यायची. वर्षानुवर्षे हेच चालले. १९९६ साली, माझ्या दहावीच्या परीक्षेच्या आधी, त्यांना काळी उलटी झाली. दोन दिवस आम्ही ती घरातच ठेवली. आईला वाटले, रुग्णालयात नेले तर गोष्ट बाहेर फुटेल, कमिटीतले काय म्हणतील. तिसऱ्या दिवशी नेले. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारले, "पितात का?" आई म्हणाली, "नाही साहेब, आमच्यात चालत नाही." मी आईच्या शेजारी उभा होतो. मला सगळे माहीत होते. मी गप्प राहिलो.

भरतीच्या दुसऱ्या रात्री त्यांचे हात कापू लागले. ते घामाघूम झाले, भिंतीवर किडे दिसतात म्हणू लागले. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली की असे होते. पहिल्या दिवशी हात कापतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होतो. यावर औषध आहे. पण आधी कळले तर डॉक्टर तयारीत राहतात. त्यांना कळले नव्हते, कारण आम्ही सांगितले नव्हते. पाचव्या दिवशी वडील गेले.

खरे बोललो असतो तर ते वाचलेच असते, असे मी म्हणत नाही. यकृत आधीच गेलेले होते, हे नंतर समजले. पण डॉक्टरांच्या हातात खरी माहिती द्यायची होती आणि आम्ही अब्रू दिली. दोष मी आईला देत नाही. चूक झाकून ठेवण्याची शिकवण तिला आपण सगळ्यांनीच दिली होती.

म्हणून सांगतो. केसपेपर काढताना स्पष्ट बोला : काय पितात, किती पितात, किती वर्षे, शेवटची केव्हा घेतली, कुठली गोळी खाल्ली. सलाइन लावायच्या आधी तर सांगाच. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व कमी असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना माहीत असले की ते बी-१ देतात. तुमचे एक वाक्य इतके मोलाचे आहे.

खरा उपाय

पेज, ओआरएस आणि गोळी ही मलमपट्टी आहे. प्यायल्यावर दर वेळी पोट जळत असेल, तर ते पोट त्या माणसाशी बोलते आहे. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की, आरोग्याला सुरक्षित म्हणावे असे दारूचे प्रमाणच नाही. बाबासाहेबांच्या प्रतिज्ञेतही "थोडी चालेल" असे नव्हते.

पण सोडायची ती सुद्धा रीतीने. कधीमधी घेणारा आज ठरवून आज थांबू शकतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने, ज्याचे हात सकाळी कापतात त्याने, शपथ घेऊन घरात कोंडून घेऊ नये. आधी डॉक्टरांकडे जावे. सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात उपचार मिळतात. १४४४६ हा नशामुक्तीसाठीचा सरकारी मोफत फोन आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना फी नसते आणि आडनाव विचारत नाहीत. आडनावावरून माणूस ओळखला जाण्याची भीती आपल्या लोकांना जास्त, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

कमिट्यांना माझी एक विनंती आहे. जयंतीच्या मिरवणुकीनंतर रात्री बाराला आपल्याच गल्लीत काय चालते ते सगळ्यांना दिसते. नुसते फलकावर "दारू सोडा" लिहून भागणार नाही. महिन्यातून एक रविवार विहारात डॉक्टर बोलवा. पिणाऱ्याला पहिल्या रांगेतून उठवू नका आणि त्याला तिथे बसवून खोटेही बोलायला लावू नका. "मला सुटत नाही" असे तो ज्या ठिकाणी न घाबरता म्हणू शकेल, ते ठिकाण विहारच असावे.

ज्येष्ठ काकांना मी हा लेख छापायच्या आधी वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझे वडील माझ्याच शेजारी बसायचे. मलाही माहीत होतं." पुढच्या रविवारच्या बैठकीला डॉक्टरांना आणायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे.

वहिनींनी नवऱ्याला घेऊन यावे. तो येत नसेल तर एकट्या याव्यात. विचारायला लाजू नये.

जयभीम.